पायांचं पत्रक

मामाच्या दोन पायांना मिळून सात बोटं आहेत. डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं फौजेतच राहिली, असं तो म्हणतो, जणू ती अजून तिथे ड्यूटीवर आहेत. निवृत्त झाल्यावर तो एका खाजगी इस्पितळाच्या फाटकावर पहारा करायला लागला. दिवसभर उभं राहून झालं की माधवगंजला आपल्या घरी जाण्याआधी तो बिर्लानगरात आमच्याकडे येतो, कारण त्याच्या घरी कोणी नाही, आणि आमच्या घरी आई घमेल्यात गरम पाणी ओतून मूठभर मीठ टाकून ठेवते. पाय पाण्यात गेले की तो डोळे मिटतो. टाचांच्या भेगा अशा की आत नख मावेल. उजव्या अंगठ्याला नख नाही. तिथे शिंगासारखं काहीतरी पिवळं वाढतं आणि महिन्यातून एकदा तो ते चाकूने तासतो. हे पाय मी लहानपणापासून बघत आले. खूप वर्षं मला वाटायचं, सगळ्याच मामांचे पाय असे असतात.

बाबा कापडगिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण गिरणीची पत्रकं आमच्या घरातून कधी संपली नाहीत. डब्यांखाली पत्रकं, फडताळात पत्रकं, माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं. इतर मुलं ‘कमळ’ वाचायला शिकली, मी ‘मागणी’ आणि ‘धिक्कार’ वाचायला शिकले. बाबांनी मला पत्रक कसं करायचं तेही शिकवलं होतं. एक मोठा कागद घडी घालून कापला की आठ पानं होतात. पहिल्या पानावर माणूस, शेवटच्या पानावर जाब. आणि समास रुंद ठेवायचा. “वाचणाऱ्याला तुझ्याशी भांडायचं असेल तर जागा नको का?” असं ते म्हणत. बाबा गेले, त्यांची ट्रंक राहिली. त्या ट्रंकेतून मी एकच गोष्ट घेतली होती: माणसाच्या हातात खरं काय ते छापून दिलं, की तो मागे फिरतो. माझी श्रद्धा म्हणा, धर्म म्हणा, तो एवढाच होता. तो कसा संपला ते मी इथे लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ फौजेच्या भरतीची तयारी करत होता. वयाच्या हिशेबाने त्याची ही शेवटची संधी. पहाटे तो मेळ्याच्या मैदानावर पळायला जायचा. तिथे तीस-चाळीस पोरं पळतात, आणि ड्यूटीवर जाण्याआधी त्यांना पळवणारा माझा मामाच. मी त्याला एकदा विचारलं होतं, स्वतःचे पाय असे झालेले असताना तू या पोरांना कशाला तिकडे पाठवतोस? तो म्हणाला, “मी कुठे पाठवतो? ती जाणारच आहेत. जाणार तर नीट पळून जाऊ देत.”

भरतीला दोन महिने राहिले होते तेव्हा भावाची उजवी नडगी दुखायला लागली. पळताना नाही, पळून आल्यावर. तो खाटेवर बसून हाडावरून अंगठा फिरवायचा आणि एका जागी आला की थांबायचा.

“डॉक्टरला दाखव,” मी म्हणाले.

“दाखवलं तर तो काय म्हणेल? आराम कर. आराम करायला टाइम आहे माझ्याकडे?”

“हाड मोडेल.”

“ताई, तू टेन्शन नको घेऊ यार. तू तुझी क्रांती कर, मी माझी दौड करतो.”

“आणि चार वर्षांची नोकरी संपवून परत पाठवतील तेव्हा?”

“तेव्हा मामाच्या शेजारी फाटकावर उभा राहीन. एका फाटकाला दोन गार्ड लागतात.”

तो हसला. आईही हसली. आईच्या माहेरची माणसं दख्खनेतून फौजेबरोबर पायी चालत इकडे उत्तरेत आली आणि जिथे छावणी पडली तिथेच राहिली. शहराच्या त्या भागाला अजून लष्करच म्हणतात. तिच्या घरात पुरुषाने फौजेत जाणं म्हणजे पोळीबरोबर भाजी असणं. त्यावर चर्चा करत नाहीत.

मग मी ठरवलं की पत्रक काढायचं. घोषणांचं नाही. सैनिकाच्या शरीराचं. चालणाऱ्या, ओझं वाहणाऱ्या, चिखलात आणि बर्फात झोपणाऱ्या शरीराचं. मैदानावरच्या प्रत्येक पोराच्या हातात ते द्यायचं, आणि त्यातल्या एकाने, माझ्या भावाने, ते वाचून थांबायचं. तीस-चाळीस पोरांचं मी म्हणत होते, पण मला एकच पोरगा थांबवायचा होता. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही.

मामाला विचारलं. त्याने पाण्यात पाय हलवले. “लिही,” म्हणाला. “पण वीरबीर काही लिहू नको. आणि रडूही नको. जसं सांगतो तसं लिही.”

पुढचे आठ-दहा दिवस तो पाणी गार होईपर्यंत सांगायचा. तो मराठीत सांगायचा आणि मी हिंदीत उतरवायचे, कारण मैदानावरची पोरं हिंदी वाचतात.

त्याने सांगितलं की पहिल्या लांब मार्चला पाठीवरच्या पिठ्ठूचं वजन पहिल्या तासात खांद्यांवर असतं, दुसऱ्या तासात कमरेत उतरतं, आणि चौथ्या तासानंतर ते फक्त पायांत असतं. पट्टे खांद्याच्या मांसात रुततात आणि बोटांना मुंग्या येतात, तेव्हा रायफल हातात आहे की नाही ते खाली बघून ठरवावं लागतं. घाम वाळून वर्दीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठतात. मांड्या घासून सोलवटतात, आणि मग पोरं पाय फाकवून चालतात, लहान मुलाने चड्डीत केल्यासारखी. कोणी हसत नाही, कारण सगळ्यांचं तेच झालेलं असतं. फोड फोडायचा नसतो. सुईत दोरा ओवून तो फोडातून आरपार काढायचा आणि दोरा तसाच आत ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं आणि कातडी वर टिकते. मोज्याला आतून कोरडा साबण घासायचा. बूट रात्री काढले तर सकाळी सुजलेले पाय आत जात नाहीत, म्हणून बूट काढायचे की नाही यावरच तंबूत भांडणं व्हायची.

चालता चालता झोप लागते, असंही तो म्हणाला. “पुढच्याच्या पिठ्ठूवर नाक आपटलं की जाग येते. एकदा आम्ही सगळी लाइन झोपेत चाललो. पुढचा थांबला तसे सगळे एकमेकांवर धडकलो, रेल्वेच्या डब्यांसारखे.”

“मग?”

“मग काय. शिव्या खाल्ल्या आणि पुढे चाललो.”

पावसाळ्यात मोर्च्यात, म्हणजे खंदकात, गुडघाभर पाणी. अठरा दिवस पाय ओले. कातडी पांढरी, सुरकुतलेली, आणि एक दिवस मोजा ओढला तर तळपायाची कातडी मोज्याबरोबर आली. फौजी लंगरातून आलेली पोळी चिखलाच्या हातानेच खायची. संडासला जायचं तर जमिनीवर सरपटत, आणि पोट बिघडलेलं असेल तर रात्रीतून सात वेळा सरपटत. तो हे सांगत असताना आई आत गेली. मामा म्हणाला, “लिही, लिही. हेच कोणी लिहीत नाही.”

आणि मग बर्फातली वरची ठाणी. तिथे चढताना माणूस टूथब्रशचा दांडाही अर्धा कापून टाकतो, कारण त्या उंचीवर दांड्यालाही वजन असतं. तिथे अन्न समोर असतं आणि ते तोंडात घालावंसं वाटत नाही. बुखारीच्या शेगडीत रॉकेल जळतं, त्याची काजळी नाकात, घशात, थुंकीत. ओले मोजे पोटावर ठेवून झोपायचं, अंगाच्या उबेने ते सकाळपर्यंत वाळतात. पाय सतत दुखतात. “दुखतात तोवर ठीक,” मामा म्हणाला. “ज्या दिवशी दुखायचे थांबतात त्या दिवशी घाबरायचं.”

त्याची बोटं दुखायची थांबली तेव्हा तो दोन दिवस कोणाला बोलला नाही.

हे त्याने शेवटच्या दिवशी सांगितलं. रोज पायांची तपासणी व्हायची. हवालदार टॉर्च घेऊन एकेकाचे पाय बघायचा, बोटं दाबायचा. मामाची तीन बोटं मेणबत्तीसारखी झाली होती. तपासणीच्या आधी त्याने ती घोंगडीने घासून वरवर लाल केली. वजन अंगठ्याच्या बाजूला टाकून उभा राहिला. आणि हवालदार पाय दाबत असताना तो सतत बोलत राहिला. थट्टा करत राहिला. “बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघतात,” तो म्हणाला, “पायाकडे नाही.”

“पण का लपवलंस?”

प्रश्नच कळला नसल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. “मी खाली गेलो असतो तर माझं ओझं कोणी उचललं असतं? शेजारच्याला ताप होता.”

मी ते जसंच्या तसं पाचव्या पानावर घातलं. मला वाटलं, हेच पान वाचून माझा भाऊ थांबेल. माणसाला स्वतःचं मरतं बोट लपवायला लावते ती कसली व्यवस्था, असं मी आठव्या पानावर विचारलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पान होतं ते. त्यातलं एक वाक्य लिहून झाल्यावर मी उठून उभी राहिले होते.

पन्नास प्रती छापल्या. समास रुंद ठेवला. पहाटे मैदानावर वाटल्या. पोरांनी हात पुढे करून घेतल्या, कोणी कागदाचं विमान केलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघं आणखी प्रती मागायला आले. मला वाटलं, पेटलं.

आठवड्याने मी पुन्हा मैदानावर गेले. पोरं धावपट्टीच्या कडेला बसून मोज्यांना आतून साबण घासत होती. एकाने टाचेच्या फोडातून दोरा ओवला होता आणि तो इतरांना दाखवत होता. त्याच्या मांडीवर माझं पत्रक उघडं होतं. मी वाकून बघितलं. समासात त्याने पेनाने लिहिलं होतं: दौडीची वेळ, बुटाचा नंबर, ‘साबण – पांढरा’. माझ्याशी भांडणारा एक शब्द नव्हता.

“दीदी, आपने बहुत बढ़िया लिखा है,” तो म्हणाला. “ऐसा कोई नहीं बताता.”

“शेवटचं पान वाचलंस?” मी हिंदीत विचारलं.

“वो तो इसमें है ही नहीं.”

नव्हतंच. त्याच्याकडची प्रत माझी नव्हती, फोटोकॉपी होती. किला गेटपाशी बूट, ट्रॅकसूट, पिठ्ठू विकणारं एक दुकान आहे. तिथल्या दुकानदाराने माझ्या पत्रकाच्या फोटोकॉपी काढून गल्ल्यावर ठेवल्या होत्या आणि बूट घेणाऱ्याला एक प्रत फुकट देत होता. मी तिथे जाऊन भांडले. दुकानदार बिचारा घाबरला. “मॅडम, मी काही बदललं नाही. सात पानं कामाची होती ती ठेवली. आठवं भाषण होतं.”

संध्याकाळी मी हे मामाला सांगितलं आणि मला रडू आलं. भाऊ खाटेवर बसून ऐकत होता. तो म्हणाला, “ताई, रडू नको ना. हिट झालीस तू.”

मग मी ते केलं, जे मला आधीच करायला हवं होतं. पत्रक सोडून सरळ बोलले. “मामा, याची नडगी दाबून बघ. आत्ता, माझ्यासमोर. तू सांगितलंस तर हा ऐकेल. भरती चार दिवसांवर आहे.”

भाऊ खाटेच्या कडेला सरकला. त्याने पॅंटचा पाय वर केला आणि पाय मामाच्या मांडीवर ठेवला. मामाने हात पुसले. घोट्यापासून अंगठ्याने हाड दाबत तो वर आला.

“मामा, दाबतोयस की मालिश करतोयस?” भाऊ म्हणाला. “दहा रुपये मिळणार नाहीत हां. अजून वर, तिथे गुदगुल्या होतात. आई, बघ ना, मामाच्या हाताला कांद्याचा वास येतोय. इस्पितळात कांदे सोलतोस की काय? तिथल्या नर्स...”

मामाचा अंगठा त्या जागी आला, जिथे भावाचा स्वतःचा अंगठा रोज थांबायचा. भाऊ थांबला नाही. नर्सवरचा विनोद त्याने पुरा केला, आईने त्याला “गप रे चावट” म्हटलं, आणि तो मोठ्याने हसला.

“तो बोलतोय!” मी ओरडले. “मामा, बघ, तो बोलत राहिलाय. पाचवं पान आहे हे!”

मामाने हात काढून घेतला. भावाची पॅंट खाली केली, नीट, घोट्यापर्यंत. “दुखत नाही म्हणतो,” तो म्हणाला आणि आपले पाय परत पाण्यात ठेवले.

त्या संध्याकाळी टेम्पोच्या थांब्यापर्यंत मी मामाला सोडायला गेले. रस्त्यावर बाजार भरलेला होता. तो हळू चालतो, डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेला तोल सांभाळत. कोपऱ्यावर मी थांबले.

“तुला कळलं होतं,” मी म्हणाले.

“अंगठा वळला त्याचा. पायाचा. तोंड हसत होतं आणि अंगठा असा आत वळला.”

“मग बोलला का नाहीस?”

टेम्पो आला, भरला आणि गेला. तो चढला नाही.

“माझ्या हवालदारालाही कळलं होतं,” मामा म्हणाला. “टॉर्च माझ्या बोटांवर जरा जास्त वेळ ठेवली त्याने. त्याच्याकडेही माणसं कमी होती. तो बोलला नाही.” त्याने वजन उजव्या पायावर घेतलं. “मी त्याला कधी दोष दिला नाही. ते चुकलं असेल.”

“असेल नाही, मामा. चुकलंच.”

“हो. पण याला मी नापास केलं असतं तर आयुष्यभर मला दोष दिला असता याने. इथे करणार काय तो? तू सांग. तुझ्या आठव्या पानावर काय लिहिलंय, याने काय करावं?”

मी आठवं पान मनात पुन्हा वाचलं. त्यात प्रश्न सहा होते. माझ्या भावाने सोमवारी सकाळी उठून कुठे जावं, हे त्यात नव्हतं. बाबांच्या ट्रंकेतल्या एकाही पत्रकात नव्हतं.

भाऊ पळाला, आणि वेळेत आला. डॉक्टरी तपासणीतही पास झाला. तिथे तो खूप बोलला असणार, मी विचारलं नाही. जाताना आईने त्याच्या हातावर दही घातलं, आणि मामाने त्याच्या पिशवीत सुई, काळा दोरा आणि साबणाची वडी ठेवली. मी काही दिलं नाही. काय द्यायचं ते मला सुचलं नाही.

प्रशिक्षणातून तो रविवारी फोन करतो, पाच मिनिटं. आवाज बसलेला असतो. दोन महिन्यांनी एका रविवारी तो म्हणाला, “ताई, एक काम कर ना. तुझं ते पत्रक पाठव. वीस कॉपी.”

“कशाला?”

“मागच्या आठवड्यात लांबचा मार्च झाला. पोरांचे पाय फाटलेत अगदी. माझा एक जोडीदार आहे, केरळचा, त्याने अख्ख्या आयुष्यात चपलेशिवाय काही घातलं नव्हतं. त्याला मी दोरा ओवून दिला. आता सगळे म्हणतात, किताब कुठे आहे.” त्याने आवाज खाली आणला. “आणि ताई, रागावू नको. शेवटचं पान काढून पाठव. ट्रेनिंगच्या उस्तादाने बघितलं तर माझी वाट लागेल.”

फोन स्पीकरवर होता. मामा घमेल्यात पाय ठेवून बसला होता. तो पुढे वाकून म्हणाला, “नडगी दुखते का रे?”

पलीकडे कोणीतरी शिट्टी वाजवली. भाऊ या वेळी काही विनोद करत नव्हता.

“दुखते मामा. खूप दुखते.”

“मग ठीक आहे,” मामा म्हणाला. “कोणाला सांगितलंस?”

“नाही. माझं ओझं...” आणि वेळ संपली.

सोमवारी मी प्रेसमध्ये गेले. छापणारा म्हणाला, कागद तर आठ पानांचाच होतो, एक पान कोरं राहील, त्यावर काही घालायचं का? मी घरी येऊन मामाला विचारलं. तो म्हणाला, “लिही: दुखत असेल तर सांगा. लपवू नका.” मी कागद पुढे ओढला. अर्धी ओळ झाली आणि तो म्हणाला, “नको. ते पानही काढून टाकतील.” मग त्याने नडगीला पट्टी कशी बांधायची ते सांगितलं, खालून वर, किती घट्ट, रात्री सोडायची की नाही. मी तेच लिहिलं. चांगलं लिहिलं. त्या पानात एकही प्रश्न नाही.

वीस प्रती आल्या तेव्हा मामाने एक हातावर ठेवून तोलली. “याच्या कडा काप,” म्हणाला. “कोरा कागद वाहायचा कशाला?”

मी कात्री घेतली आणि बाबांचा समास कापायला बसले. मामाचे पाय पाण्यात होते, आणि पाणी गार झालं तरी त्याने ते काढले नाहीत. विसाव्या प्रतीपर्यंत माझ्या अंगठ्याला कात्रीचा फोड आला. तो मी फोडला नाही.